निचऱ्याच्या चरावरची लोखंडी ग्रेटिंग: माप काढण्यापासून बसवण्यापर्यंत

कारखान्याच्या फरशीतल्या चरावरची ग्रेटिंग वाकली की सगळे पट्टीच्या जाडीकडे बोट दाखवतात. पट्टी कमी पडलेली असतेही. पण जाळी उचलून खाली पाहिलं तर बरेचदा दोष वेगळाच निघतो. एकतर जाळी कापतानाच दिशा चुकलेली असते, नाहीतर ती ज्या बैठकीवर टेकते ती बैठकच पोकळ असते. म्हणून दिशा, चाकाचा भार आणि बैठक हे तीन मुद्दे आधी पक्के करावेत. धातू कोणता घ्यायचा ते त्यानंतर.

पट्टी कोणत्या दिशेला

ग्रेटिंगमध्ये दोन प्रकारचे बार असतात. उभ्या धारेवर ठेवलेल्या चपट्या पट्ट्या म्हणजे बेअरिंग बार. त्यांना आडव्या जोडलेल्या, बहुधा पीळ दिलेल्या सळ्या म्हणजे क्रॉस रॉड. भार उचलतात ते बेअरिंग बार. क्रॉस रॉडचं काम एवढंच की पट्ट्या आडव्या पडू नयेत आणि त्यांच्यातलं अंतर कायम राहावं.

म्हणून बेअरिंग बारची दोन्ही टोकं चराच्या दोन काठांवर टेकली पाहिजेत. ३०० मिमी रुंद चरावर १ मीटर लांबीची जाळी ठेवायची असेल तर बार चराला आडवे जातात, चराच्या लांबीने नाही. दिशा उलटी झाली तर सगळा भार ६ मिमीच्या सळ्यांवर येतो आणि माणूस उभा राहिला तरी जाळी खोलगट होते. वरून पाहताना दोन्ही जाळ्या सारख्याच दिसतात, म्हणून ही चूक बसवून झाल्यावरच कळते.

ऑर्डर देताना नुसतं ‘४०० बाय १०००’ लिहू नका. ‘बेअरिंग बारची दिशा ४०० मिमी’ असं शब्दांत लिहा आणि ड्रॉइंगवर बाण काढा. वर्कशॉपमध्ये पहिलं माप गाळ्याचं, म्हणजे दोन टेकूंमधल्या अंतराचं, धरायची पद्धत आहे, पण पद्धतीवर विसंबण्यापेक्षा बाण बरा.

आधी चाक मोजा

फक्त माणसं चालणार असतील आणि चर ३०० ते ४०० मिमी रुंद असेल तर २५ × ५ किंवा ३० × ३ मिमीची पट्टी, ३० मिमी अंतराने (एका पट्टीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत), पुरेशी होते. खरा प्रश्न चाकांचा असतो.

३ टन क्षमतेचा फोर्कलिफ्ट घ्या. त्याचं स्वतःचं वजन साधारण ४.५ टन. पूर्ण भरलेला असताना एकूण ७.५ टनांपैकी ८५ ते ९० टक्के भार पुढच्या दोन चाकांवर येतो, म्हणजे एका चाकावर सुमारे ३.२५ टन, ३२ किलोन्यूटन. धक्क्यासाठी त्यावर ३० टक्के वाढवा: ४२ किलोन्यूटन. भरीव टायरचा जमिनीवरचा ठसा साधारण २०० मिमी रुंद आणि १०० मिमी लांब धरू.

फोर्कलिफ्ट चर आडवा ओलांडतो तेव्हा २०० मिमी रुंदीत ३० मिमी अंतराच्या ७ पट्ट्या येतात. प्रत्येकीवर ६ किलोन्यूटन. गाळा ३०० मिमी. मधोमध येणारा वाकवण्याचा जोर काढायचा तर पट्टीवरच्या भाराला ४ ने भागा आणि गाळ्यातून ठशाच्या लांबीचा अर्धा भाग वजा करून त्याने गुणा: ६००० ÷ ४ × (३०० − ५०) = ३,७५,००० न्यूटन-मिमी. पट्टीची वाकण्याला विरोध करायची क्षमता म्हणजे जाडी गुणिले उंचीचा वर्ग भागिले ६. जोराला या क्षमतेने भागलं की ताण मिळतो, आणि २५० यील्डच्या (म्हणजे एवढ्या ताणाला कायमचं वाकू लागणाऱ्या) साध्या पोलादात तो १६५ न्यूटन प्रति चौरस मिमीच्या आत ठेवायचा.

२५ × ५ मिमी पट्टीची क्षमता ५२१. ताण ७२० येतो, म्हणजे पहिल्याच फेरीत वाकणार. ४० × ५ मध्ये २८१, तीही यील्डच्या वर. ५० × ५ मध्ये १८०. ५० × ६ मध्ये १५०, ती चालेल.

पण तोच फोर्कलिफ्ट चराच्या लांबीने जाळीवरून चालला तर? आता चराच्या दिशेला ठसा फक्त १०० मिमी, म्हणजे जेमतेम ४ पट्ट्या. प्रत्येकीवर १०.५ किलोन्यूटन. ठशाची २०० मिमी रुंदी गाळ्यावर पसरते म्हणून थोडा दिलासा मिळतो, तरी जोर १०,५०० ÷ ४ × (३०० − १००) = ५,२५,००० होतो. यासाठी ५० × ८ (ताण १५७) किंवा ६५ × ५ (ताण १४९) लागते. चालक वळताना किंवा माल टेकवताना चाक चरावर कसंही येतं, म्हणून दोन्हींपैकी वाईट स्थिती धरूनच पट्टी निवडा. शेजारच्या पट्ट्या क्रॉस रॉडमुळे थोडी मदत करतात. ती हिशेबात न धरता जमेस राहू द्यावी.

हँड पॅलेट ट्रककडे लोक दुर्लक्ष करतात. त्याचे रोलर जेमतेम ७० मिमी रुंद आणि कडक असतात, म्हणून २ टनांचा माल दोन-तीन पट्ट्यांवर एकवटतो. ३०० मिमीच्या गाळ्यावर तिथे ५० × ५ ची पट्टी लागते. माणसांसाठी म्हणून घेतलेली २५ मिमीची जाळी पॅलेट ट्रकने वाकवलेली बऱ्याच ठिकाणी पाहायला मिळते.

युरोपीय मानक ईएन १४३३ मध्ये निचऱ्याच्या चरांचे ए १५, बी १२५, सी २५०, डी ४००, ई ६०० आणि एफ ९०० असे वर्ग आहेत. आकडा म्हणजे परीक्षणाचा भार, किलोन्यूटनमध्ये. तयार चर आणि झाकण एकत्र घेताना हा वर्ग उपयोगी पडतो. मात्र तो भार परीक्षणाच्या ठोकळ्यावरून दिलेला असतो, कडक लहान रोलरवरून नाही, हे लक्षात असू द्या.

दाते कापलेली म्हणजे सेरेटेड पट्टी तेलकट, ओल्या जागी पाय घसरू देत नाही. दात्यांची खोली उंचीतून वजा करून हिशेब करा. ३० मिमीच्या पट्टीत दाते ४ मिमी खोल असतील तर कामाला येणारी उंची २६ मिमीच. अन्नप्रक्रियेच्या ठिकाणी दात्यांत खरकटं अडकतं, तिथे साफसफाईच्या माणसांना विचारूनच ठरवा.

फ्रेम आणि जाळीची मापं जुळवणं

जाळी फरशीच्या पातळीत बसायची तर फ्रेमच्या अँगलची (काटकोनात वळलेल्या पट्टीची) आतली उंची पट्टीच्या उंचीशी जुळली पाहिजे. आतली उंची म्हणजे अँगलची बाजू वजा त्याची जाडी. ३० × ३० × ५ अँगलमध्ये २५ मिमीची पट्टी, ३५ × ३५ × ५ मध्ये ३० मिमीची, ४५ × ४५ × ५ मध्ये ४० मिमीची बरोबर बसते. वरच्या फोर्कलिफ्टच्या उदाहरणात ५० मिमीच्या पट्टीला ६० × ६० × ६ अँगल घेतला तर आतली उंची ५४. खाली ३ मिमी रबर पट्टी टाकली की जाळी फरशीपासून १ मिमी खाली राहते. हे योग्यच आहे. जाळी एक-दोन मिमी खाली असली तर पाणी आत ओढलं जातं. वर आली की चाक दर फेरीला तिच्या कडेवर आपटतं आणि पाणी बाहेर तुंबतं.

आता लांबी. चराची स्वच्छ रुंदी ३००, दोन्ही बाजूंना ५४ मिमीची बैठक, म्हणजे फ्रेमच्या उभ्या पायांमधलं अंतर ४०८. त्यातून ६ मिमी मोकळीक सोडा: जाळीची बाहेरून बाहेर लांबी ४०२. हे माप टोकाची पट्टी धरून आहे, हेही लिहून द्या. हलक्या कामाला किमान २५ मिमी टेकण हवं, वाहनांसाठी ५० मिमीच्या आसपास.

पॅनेलची रुंदी मनाला येईल ती घेता येत नाही. (पट्ट्यांची संख्या − १) × अंतर + पट्टीची जाडी, हेच माप मिळतं. ५ मिमीच्या ३४ पट्ट्या ३० मिमी अंतराने लावल्या की ९९५ मिमी होतात. दोन पॅनेलमध्ये ५ मिमी फट ठेवली तर १० मीटर चराला अशी १० पॅनेल चपखल बसतात. नेमकं १००० मागितलं तर शेवटची पट्टी काठापासून आत राहते आणि सळ्यांची टोकं मोकळी लोंबतात.

उचलायचं वजनही इथेच पाहा. ५० × ८ ची ४०२ मिमी लांब जाळी एक मीटर रुंद केली तर ती जवळजवळ ५० किलोची होते. साफसफाईसाठी ती कोणी उचलणार नाही, आणि मग चर गाळाने भरतो. १७ पट्ट्यांचं ४८८ मिमीचं पॅनेल सुमारे २४ किलोचं होतं. दोन हुकांनी ते उचलता येतं.

टोकांना चपटी पट्टी वेल्ड करून घेणं म्हणजे बँडिंग. नुसत्या चालण्याच्या जागी ती दर चौथ्या बारला वेल्ड केली तरी चालते. वाहनांखाली प्रत्येक बारला वेल्ड हवं, कारण चाक काठावर चढतं तेव्हा पहिला धक्का एकट्या बारच्या टोकावर बसतो, आणि बँडिंगच तो शेजाऱ्यांना वाटून देतं.

धातू कोणता

साध्या पाण्याला, तेलाला आणि फारशा रसायनांशी संबंध नसलेल्या जागी गरम जस्तलेप दिलेलं पोलाद उत्तम. आयएसओ १४६१ प्रमाणे ३ ते ६ मिमी जाडीच्या पोलादावर सरासरी ७० मायक्रॉन आणि ६ मिमीच्या वर ८५ मायक्रॉन थर अपेक्षित असतो. कापणं, वेल्डिंग, बँडिंग, भोकं, सगळं आधी आटपून मगच जाळी जस्ताच्या टाकीत जावी. नंतर साइटवर ग्राइंडर लावला की कापलेल्या टोकापासून गंज सुरू होतो. अगदीच कापावं लागलं तर घासून स्वच्छ करून जस्तयुक्त रंगाचा किमान १०० मायक्रॉन थर द्या, पण ती मलमपट्टी आहे.

जस्त आम्लात विरघळतं आणि तीव्र अल्कलीतही टिकत नाही. साधारण पीएच ६ ते १२.५ ही त्याची सोसण्याची हद्द. कॉस्टिकने धुणाऱ्या दुग्धशाळेत किंवा पिकलिंगच्या, म्हणजे धातू आम्लाने साफ करायच्या, खात्यात ते लवकर संपतं.

तिथे स्टेनलेस. ३०४ प्रतीचं साध्या धुलाईला पुरतं. मीठ, समुद्राचं पाणी, ब्लीच असेल तर ३१६ घ्या, कारण क्लोराइड ३०४ ला टाचणीएवढी खोल छिद्रं पाडतं. हायड्रोक्लोरिक आम्लापुढे दोन्ही हरतात; तिथे धातूचा हट्ट सोडून फायबर ग्रेटिंगकडे वळा.

स्टेनलेस जाळी वेल्ड केल्यावर पिकलिंग आणि पॅसिव्हेशन (पृष्ठभागाचा गंजरोधक थर परत आणणं) करून घ्या. वेल्डच्या बाजूची निळी-तपकिरी झाक तशीच राहिली तर गंज तिथूनच सुरू होतो. साध्या लोखंडावर वापरलेली ग्राइंडिंग डिस्क स्टेनलेसला लावली तर लोखंडाचे कण रुतून लाल ठिपके पडतात आणि विनाकारण माल नकली असल्याची ओरड होते.

स्टेनलेस फ्रेममध्ये जस्तलेपी जाळी ठेवू नका. ओल्या जागी ही जोडी बॅटरीसारखी चालते आणि जस्त भराभर खाल्लं जातं.

बसवणी

१. चराचा तळ आधी तपासा. निर्गमाकडे किमान १ टक्का, म्हणजे १० मीटरला १०० मिमी उतार असावा. जाळीची वरची पातळी मात्र सरळ असते. उतार तळाला द्यायचा.

२. अँगलला मागच्या बाजूने होल्डफास्ट वेल्ड करा. १० किंवा १२ मिमीची सळई, १०० ते १५० मिमी लांब, टोक वाकवलेली, दर ३०० मिमीवर. वाहने नसतील तर ४०० ते ५०० मिमीवर चालेल.

३. अँगलच्या आडव्या पायाला दर ३०० मिमीवर १० ते १२ मिमीचं भोक पाडा. या पायाखाली हवा अडकून पोकळी राहते, आणि बैठक तुटण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. भोकातून काँक्रीटचं दूध वर आलं की समजायचं की खाली भरलं.

४. दोन्ही अँगल एकमेकांना तात्पुरत्या आडव्या पट्ट्यांनी, दर ५०० ते ६०० मिमीवर, टॅक करा, म्हणजे वेल्डचे छोटे टाके मारा. अंतर ४०८ आहे का ते प्रत्येक पट्टीजवळ मोजा. काँक्रीटच्या दाबाने फ्रेम आत सरकते; मग तयार जाळ्या बसत नाहीत आणि माणसं ग्राइंडर घेऊन त्या कापायला बसतात.

५. दोरी आणि लेव्हलने दोन्ही काठ एका पातळीत घ्या. समोरासमोरच्या काठांत १ मिमीपेक्षा जास्त फरक राहिला तर जाळी डुगडुगेल. प्रत्येक पॅनेलच्या जागी खरी जाळी ठेवून चारही कोपऱ्यांवर पाय द्या. एक कोपरा हलला तर आत्ताच दुरुस्त करा.

६. जाळ्या काढून ठेवा, बैठकीवर टेप लावा, आणि काँक्रीट दोन्ही बाजूंनी सारख्या उंचीने चढवत न्या. एका बाजूने ओतलं की फ्रेम दुसरीकडे ढकलली जाते. व्हायब्रेटर अँगलला टेकवू नका.

७. सेट झाल्यावर बैठकीवर हातोडीने हलके ठोके देत जा. भद्द आवाज आला तिथे पोकळी आहे. तिथे भोक पाडून न आकसणारा ग्राउट भरा. ही पाच मिनिटांची तपासणी टाळली तर काही महिन्यांत अँगल खाली बसतो.

८. फोर्कलिफ्ट सोडायची घाई नको. साध्या सिमेंटच्या काँक्रीटला ठरलेली ताकद २८ दिवसांची धरतात. तोवर चरावर जाड लोखंडी पत्रा टाकून वाट दिली तरी चाकाचा भार कोवळ्या काठावरच येतो, म्हणून रस्ता वळवणं चांगलं.

गरम पाणी सोडणाऱ्या खात्यात आणखी एक काळजी. स्टेनलेस एका मीटरला ६० अंश तापमानवाढीत सुमारे १ मिमी वाढतं, काँक्रीट त्यापेक्षा बरंच कमी. फ्रेम फरशीला घट्ट चिकटवलेली असेल तर तिच्या कडेने इपॉक्सी किंवा टाइल तडकते, पाणी खाली शिरतं आणि काठ भुसभुशीत होतो. फ्रेम आणि फरशीच्या थरामध्ये ६ ते १० मिमीची खाच ठेवून लवचीक, त्या तापमानाला आणि रसायनाला टिकणारं सीलंट भरा.

कोपरे, पाइप आणि खडखडाट

चर जिथे काटकोनात वळतो किंवा दुसरा चर येऊन मिळतो, तिथे काही बारची एक बाजू हवेत राहते. त्या रेषेत आडवी तुळई टाकून दोन्ही बाजूंना बैठक करून द्या. जाळीत पाइपसाठी भोक पाडलं की तुटलेल्या बारना आधार उरत नाही. भोकाभोवती बारच्याच उंचीची पट्टी प्रत्येक तुटलेल्या टोकाला वेल्ड करा. मोठ्या पाइपसाठी जाळीचे दोन तुकडे करून पाइपभोवती जुळवले तर पुढे पाइप न काढता जाळी उचलता येते.

खडखडाट म्हणजे नुसता आवाज नव्हे. दर फेरीला जाळी उडून बैठकीवर आपटते, बैठक झिजते, मोकळीक वाढते, आणि आवाजही वाढतो. आधी बैठकीवरचे खडे, वेल्डचे थेंब आणि जस्ताचे सुळके काढा; पुष्कळदा एवढ्यानेच भागतं. मग ईपीडीएम रबराची पट्टी, मग जाळी फ्रेमला धरून ठेवणारे एम ८ बोल्टचे सॅडल क्लिप. क्लिपचे बोल्ट वाहनांखाली सैल होतात, म्हणून लॉक नट घाला आणि पहिल्या आठवड्यानंतर पुन्हा आवळा. वाहन जिथे ब्रेक मारतं तिथे जाळ्या हळूहळू एकाच दिशेला सरकतात आणि शेवटी मोठी फट पडते. चराच्या दोन्ही टोकांना आणि लांब चरात मध्ये मध्ये फ्रेमला अडणा वेल्ड करा. फ्रेम जस्तलेपी असेल तर वेल्डच्या जागचं जस्त आधी घासून काढा. त्याच्या धुराने त्याच रात्री ताप आणि थंडी भरते, म्हणून हवा खेळती ठेवून आणि मास्क लावूनच काम करा.

३० मिमी अंतर, ५ मिमी पट्टी आणि १०० मिमीवर क्रॉस रॉड असलेल्या जाळीत सुमारे ७८ टक्के जागा मोकळी असते. त्यामुळे पाणी चढलं तर जाळीला दोष देऊ नका. तळाचा उतार, गाळ आणि निर्गमाचा पाइप पाहा.

देखभालीत जाळी उचलली की एक मीटरची सरळपट्टी बारच्या दिशेने ठेवा. भार नसताना मध्ये उजेड दिसला तर बार कायमचा वाकलेला आहे. असं पॅनेल उलटं करून वापरायचा मोह होतो, पण फुगीर बाजू वर आली की टेकण टोकांवर नीट बसत नाही आणि चाक उडतं. ते बदला, आणि नवं मागवण्याआधी त्या जागेवरून कोणतं नवं वाहन जायला लागलंय ते शोधा. क्रॉस रॉडच्या सांध्यांना तडे आहेत का, बैठकीला झिजून खाच पडली आहे का, क्लिप किती गायब आहेत, हे त्याच वेळी पाहून घ्या. उघडा चर अडथळा लावल्याशिवाय सोडू नका, आणि जाळी परत ठेवताना बैठक आधी ब्रशने झाडा; एक खडा राहिला तरी ती तीन पायांवर उभी राहते.